वाराच्या वाटेवरचे अडथळे

मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेला, जिथे सह्याद्रीचा घाटमाथा संपून कोकणाचा उतार सुरू होतो, तिथे जुन्या कोरबारसे मावळात कोरीगड आणि घनगड हे दोन किल्ले एकमेकांपासून फार दूर नाहीत. पण शत्रूला थोपवण्याच्या त्यांच्या रीती मात्र अगदी निराळ्या आहेत. आंबवणे आणि पेठ शहापूर या गावांच्या माथ्यावरचा कोरीगड सुमारे ३००० फूट उंचीचा, ऐसपैस सपाट माथ्याचा किल्ला असून त्या माथ्याच्या कडेकडेने तटबंदी फिरवलेली आहे, आणि ती इतकी धड उरली आहे की आजही तिच्यावरून गडाची फेरी करता येते. आत दोन मोठी तळी, कोराईदेवीचे देऊळ आणि काही तोफा आहेत. त्यांतली लक्ष्मी नावाची तोफ सर्वांत मोठी. एकोले गावाजवळच्या घनगडाचा माथा त्या मानाने चिमुकला आहे, बांधीव तट मोजकाच आहे आणि संरक्षणाचा बहुतेक भार उभ्या कातळावर टाकलेला आहे. चढणीच्या एका टप्प्यावर हा कातळ असा आडवा येतो की आज तिथे लोखंडी शिडी लावावी लागली आहे. कोरीगडाची रचना शत्रू तटाला येऊन भिडणारच असे गृहीत धरते, तर घनगडाची रचना तो तिथवर पोचूच नये या हिशेबाने झालेली आहे.

इंटरनेटच्या मार्फत हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात आपापले पात्र घेऊन वावरतात, त्या पात्राला अनुभवाने आणि साहित्याने बळकट करत जातात, अशा खेळांना ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतात, आणि या खेळांतल्या लढाऊ पेशांची विभागणीही याच भेदावर उभी आहे. पेशा म्हणजे खेळाच्या आरंभी पात्रासाठी निवडलेली भूमिका. योद्धा, तिरंदाज, मांत्रिक, वैद्य, छुपा मारेकरी ही तिची ठरलेली रूपे. नवख्या खेळाडूला बचाव हा एकच गुण वाटतो आणि त्याचा आकडा वाढवला की पात्र टिकाऊ झाले, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात शत्रूने वार उगारल्यापासून तो पात्राच्या जीवनगुणांतून, म्हणजे शून्यावर येताच पात्र मरते त्या आकड्यातून, वजा होईपर्यंत खेळ चालवणारा सर्व्हर एकामागून एक प्रश्न सोडवत जातो: हा वार कोणावर येणार, तो लागणार की चुकणार, लागला तर ढालीवर की अंगावर, अंगावर लागला तर चिलखत त्यातला किती भाग शोषून घेणार, आणि उरलेली हानी किती लवकर भरून निघणार. प्रत्येक पेशाजवळ यांतल्या एकदोन प्रश्नांची चांगली उत्तरे असतात आणि उरलेल्या ठिकाणी त्याला मुद्दाम उघडे ठेवलेले असते. खेळ रचणाऱ्याची कसोटी तो पेशा किती भक्कम करतो यापेक्षा त्याला कुठे आणि किती उघडा ठेवतो यातच अधिक लागते.

हे प्रश्न सुरुवातीला वेगळे नव्हते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात, जो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळला जातो, बचावासाठी एकच आकडा होता आणि त्याला आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा दर्जा, म्हणत. काहीच न घातलेल्या माणसाचा दर्जा ९ आणि पत्र्याचे पूर्ण चिलखत व ढाल असलेल्याचा २. आकडा जितका लहान तितका बचाव चांगला, ही उलटी मोजणी पुढे पंचवीस-सव्वीस वर्षे खेळाडूंना गोंधळात टाकत राहिली आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती सरळ झाली. हल्लेखोर वीस बाजूंचा फासा टाकत असे. पहिल्या पायरीवरच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या टप्प्यातल्या, योद्ध्याला उघड्या माणसावर वार लागण्यासाठी १० किंवा त्याहून अधिक दान लागे आणि पूर्ण चिलखतातल्यावर १७ किंवा अधिक, म्हणजे शंभरातले पंचावन्न वार लागण्याऐवजी वीसच लागत. यात एक तर्कदोष आहे आणि तो जाणकारांनी लवकरच दाखवून दिला: जड चिलखत घातलेला माणूस चपळ होत नाही, उलट त्याला वार सहज लागतो, फक्त तो आत शिरत नाही. या नियमात मात्र न लागलेला वार आणि लागूनही फुकट गेलेला वार यांच्यात फरकच उरत नाही. टेबलावर हे चालून जाते, कारण प्रत्येक दानानंतर बेरीज-वजाबाकी माणसालाच करायची असते आणि तीन फाशांचे काम एका फाशात उरकले तर सगळेच सुखी असतात.

पेशांमधला फरकही तिथे अगदी ढोबळ होता. योद्ध्याला कोणतेही चिलखत चाले, मांत्रिकाला कोणतेच नाही, आणि धर्मोपदेशक चिलखत घालू शके पण धारदार शस्त्र वापरू शकत नसे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून घडवलेला मड हा शब्दांतून चालणारा खेळ, त्याची असंख्य अनुकरणे, आणि मग १९९७ चा अल्टिमा ऑनलाइन व १९९९ चा एव्हरक्वेस्ट हे चित्रमय खेळ आले, तेव्हा हिशेब माणसाकडून यंत्राकडे गेला आणि एका आकड्याचे अनेक आकडे करणे परवडू लागले. एव्हरक्वेस्टमध्ये बचाव, वार चुकवणे, शस्त्राने वार परतवणे आणि परतवताना उलटा वार करणे ही स्वतंत्र कौशल्ये झाली. ती मार खाता खाताच वाढत, आणि कोणत्या पेशात कोणते कौशल्य कुठपर्यंत वाढावे याला मर्यादा घातलेली असे.

या विभागणीचे सर्वांत मोकळे उदाहरण म्हणजे नॉर्वेच्या फनकॉम कंपनीने जून २००१ मध्ये सुरू केलेला ॲनार्की ऑनलाइन. दूरच्या ग्रहावरील भविष्यकाळात घडणाऱ्या या खेळात आरंभी बारा पेशे होते, आणि वार चुकवण्याचे कौशल्य एक नव्हते, तर हल्ल्याच्या जातीनुसार तीन होते: जवळून होणारा वार टाळण्याचे एक, दुरून झाडलेली गोळी टाळण्याचे दुसरे आणि स्फोटापासून अंग वाचवण्याचे तिसरे. शत्रूच्या शरीरावर किंवा शस्त्रावर परिणाम करणाऱ्या सूक्ष्म यंत्रांच्या हल्ल्याला तोंड देण्यासाठी आणखी एक वेगळा गुण होता. ही कौशल्ये सर्व पेशांना खुली होती, पण ती वाढवण्याचा खर्च पेशागणिक निराळा ठेवलेला होता; जुगाडू फिक्सरला आणि हातापायांनी लढणाऱ्या मार्शल आर्टिस्टला जे स्वस्तात मिळे, त्यासाठी दुसऱ्या एखाद्या पेशाला कितीतरी अधिक गुण मोजावे लागत. ज्यांना चुकवणे महाग होते त्यांना दुसरी सोय होती. एन्फोर्सर हा धिप्पाड पेशा प्रचंड जीवनगुणांवर टिके, सोल्जर आपल्याभोवती परावर्तक कवच उभे करून आलेल्या हानीचा काही भाग परत फेके, डॉक्टर स्वतःला भरून काढत राही, आणि नोकरशहा किंवा इंजिनियर यांच्यासारखे पेशे यंत्रमानवाला पुढे करून मार त्याच्यावर ढकलत. दोन पेशे आमनेसामने आले की कोण बळकट हा प्रश्न निरर्थक ठरे. एकाचा हल्ला दुसऱ्याच्या कोणत्या कौशल्याशी भिडतो हेच पाहावे लागे. गोळी चुकवण्यात तरबेज असलेला खेळाडू स्फोटकांपुढे सामान्य ठरू शके, कारण तिसऱ्या कौशल्यावर खर्च करायला त्याच्याकडे गुण उरलेले नसत.

इतिहासात हे कोरीगडावरच घडलेले आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, मार्च १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथरच्या फौजेने लोहगड आणि विसापूर घेतल्यानंतर कोरीगडाला वेढा घातला. तट भक्कम होता, पाणी मुबलक होते, आणि दोन-तीन दिवसांच्या माऱ्याने गड नमला नाही. मग १४ मार्चला दारूकोठाराने पेट घेतला, मोठा स्फोट झाला आणि शिबंदीला गड सोडून द्यावा लागला. तटबंदीचा आकडा कितीही मोठा असता तरी या ठिकाणी तो मोजलाच गेला नसता, कारण तोफगोळा तटावरून आत जातो तेव्हा प्रश्न तटाचा राहत नाही, दारू कुठे आणि कशी ठेवली आहे याचा होतो. हा प्रश्न मराठ्यांना ठाऊक नव्हता असे नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे जे प्रकरण आहे त्यात दारूखाना वस्तीपासून अलग असावा आणि दारूची वरचेवर देखभाल व्हावी, दरवाजा बाहेरच्या तोफेच्या सरळ माऱ्यात येऊ नये म्हणून पुढे बुरूज घेऊन वाट वळवावी, पाण्याचा साठा एकाच टाक्यावर अवलंबून ठेवू नये, अशा सूचना आहेत. प्रत्येक सूचना वेगळ्या जातीच्या धोक्यासाठी आहे, आणि एकीचे पालन केल्याने दुसरीतली चूक झाकली जात नाही. खेळांच्या भाषेत यालाच रेझिस्टन्स, म्हणजे विशिष्ट जातीच्या हानीला असलेला प्रतिकार, म्हणतात. आग, थंडी, विष, विद्युत यांचे आकडे चिलखतापासून अलग ठेवण्यामागचे कारण हेच आहे. कोरीगड पडल्यावर काही दिवसांतच घनगडही इंग्रजांच्या ताब्यात गेला. शेजारचे किल्ले एकेक करून पडल्यावर एकट्या कड्याने किती काळ तग धरायचा, या प्रश्नाला कोणत्याही वास्तुरचनेत उत्तर नसते.

आता चिलखताच्या गणिताकडे वळायला हवे, कारण खेळाडूंचा सर्वाधिक गैरसमज इथे होतो. ब्लिझर्ड कंपनीच्या नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात ६० व्या पायरीच्या शत्रूचा मार किती कमी होणार हे काढण्यासाठी चिलखताच्या आकड्याला, तोच आकडा अधिक ५५०० या बेरजेने भागत. म्हणजे ५५०० चिलखत असेल तर निम्मा मार वाचतो, ११००० असेल तर दोन तृतीयांश आणि १६५०० असेल तर पाऊण. पाऊण ही कमाल मर्यादाच होती. टक्केवारी पाहणाऱ्याला वाटते की पहिल्या ५५०० ने पन्नास टक्के दिले, दुसऱ्याने सतराच्या आसपास आणि तिसऱ्याने जेमतेम आठ, तेव्हा पुढचे चिलखत तोट्याचे. पण दहा हजार जीवनगुणांच्या पात्रावर एकेक हजाराचे वार पडत आहेत असे धरले, तर चिलखताशिवाय ते दहा वारांत मरते, ५५०० वर वीस, ११००० वर तीस आणि १६५०० वर चाळीस वार झेलते. प्रत्येक टप्प्यावर दहाच वारांची भर पडते, ना कमी ना जास्त. ज्या आकड्याकडे बघायचे तो टिकण्याचा आहे, वाचलेल्या टक्क्यांचा नाही. इतकी साधी गोष्ट न कळल्यामुळे भल्याभल्यांनी आपली पात्रे बिघडवून घेतलेली आहेत.

वार चुकवण्याचे गणित याच्या उलटे वागते. चुकवण्याची शक्यता पन्नासवरून पंचावन्न टक्के केली तर लागणारे वार शंभरातले पन्नास होते ते पंचेचाळीस होतात, म्हणजे एक दशांशाने घटतात. पण नव्वदवरून पंचाण्णव केली तर दहाचे पाच, म्हणजे निम्मेच उरतात. जितके अधिक तितके पुढचे पाच टक्के मोलाचे. असे गुण मोकाट सोडले तर काही पात्रे जवळजवळ अस्पर्श्य होऊन बसतात, म्हणून २००८ नंतर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये साहित्यातून मिळणाऱ्या चुकवण्याच्या गुणांचा लाभ उतरत जाईल असा नियम लावण्यात आला, आणि तरीही पुरेना म्हणून डिसेंबर २००९ मध्ये उघडलेल्या आइसक्राउन गडात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाची चुकवण्याची शक्यता सरसकट वीस टक्क्यांनी कमी करणारा प्रभावच तिथे ठेवावा लागला. रचनाकाराने स्वतःच्या नियमाविरुद्ध असा फतवा काढावा, याइतकी नियम फसल्याची स्पष्ट कबुली दुसरी नसेल. कोरियातून २००२ साली आलेल्या रॅग्नरॉक ऑनलाइनने याहून नीट उपाय योजला होता. तिथे एकाच वेळी दोनपर्यंत शत्रू अंगावर आले तर चुकवण्याचा गुण पूर्ण चाले, पण त्यापुढच्या प्रत्येक शत्रूमागे तो दहा टक्क्यांनी घटे. चिलखताला असा घेराव फारसा जाचत नसे. त्यामुळे चपळ मारेकरी एकट्या शत्रूपुढे सुरक्षित आणि घोळक्यात सापडला की हतबल, तर चिलखती सरदार घोळक्यातही उभा, असा पेशांमधला फरक एका नियमातून उभा राहिला आणि तो पटण्याजोगाही होता.

चुकवण्यात आणखी एक खोड आहे. निम्मा मार शोषणारे चिलखत आणि निम्मे वार चुकवणारी चपळाई यांची सरासरी सारखीच येते, पण तीन हजार जीवनगुणांच्या दोन पात्रांवर हजाराचे वार पडू लागले तर चिलखती पात्र सहाव्या वाराआधी कधीच मरत नाही, आणि चपळ पात्र आठांत एकदा पहिल्या तीन वारांतच मरते. एकट्याने भटकणाऱ्या खेळाडूला हा जुगार परवडतो. पंचवीस-चाळीस जणांची टोळी ज्याच्या मागे उभी आहे आणि ज्याच्या मरणाने सगळ्यांची तासाभराची मेहनत वाया जाणार आहे, त्याला तो परवडत नाही.

असा जो मुद्दाम पुढे होऊन सगळा मार स्वतःवर घेतो त्याला खेळाडू टँक म्हणतात, आणि त्याच्यासाठी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या पहिल्या सहा वर्षांत बचाव नावाचे जे कौशल्य होते त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. या खेळात प्रत्येक वारासाठी सर्व्हर एकच दान टाकत असे आणि ते एका कोष्टकावर ठेवत असे. कोष्टकात आधी वार हुकण्याची जागा, मग चुकवण्याची, मग शस्त्राने परतवण्याची, मग ढालीने अडवण्याची, त्यानंतर दुप्पट हानीच्या घातक वाराची, दीडपट हानीच्या चिरडणाऱ्या वाराची, आणि उरलेली सगळी जागा साध्या वाराची. एकूण जागा शंभरच. म्हणून आधीचे रकाने फुगवले तर शेवटचे रकाने कोष्टकाबाहेर ढकलले जात. योद्ध्याचे ढाल उचलण्याचे कौशल्य काही क्षणांपुरती अडवण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढवी, त्याचा खरा उपयोग अडवलेल्या हानीत नव्हता, चिरडणाऱ्या वाराला कोष्टकात जागाच न ठेवण्यात होता. बचावाचे कौशल्य पायरीमागे पाच, म्हणजे ६० व्या पायरीला ३०० पर्यंत वाढे आणि त्यापुढची वाढ साहित्यातून मिळे. प्रत्येक गुण हुकणे, चुकवणे, परतवणे व अडवणे यांत ०.०४ टक्क्यांची भर घाली आणि घातक वाराची शक्यता तितकीच कमी करी. सर्वांत मोठे शत्रू ६३ व्या पायरीचे धरले जात, त्यांचे शस्त्रकौशल्य ३१५, म्हणून त्यांच्या घातक वाराची शक्यता ५ टक्क्यांऐवजी ५.६; ती शून्यावर आणायला १४० गुण, एकूण ४४०. हा आकडा त्या काळच्या प्रत्येक टँकला तोंडपाठ होता.

कौशल्य म्हणून सुरू झालेली गोष्ट इथे प्रवेशपत्र होऊन बसली: ४३९ पर्यंत पात्र अपुरे आणि ४४० नंतर पुढच्या गुणांना फारशी किंमत नाही. शिवाय ते सर्व पेशांना सारखे लागू पडत नव्हते. अस्वलाचे रूप घेऊन लढणाऱ्या ड्रुइडला पंजांनी शस्त्र परतवता येत नसे आणि ढाल धरता येत नसे, त्यामुळे बचावाच्या प्रत्येक गुणाच्या पाच लाभांपैकी दोन त्याच्या बाबतीत वाया जात. त्याची भरपाई जाड कातडीच्या चिलखतगुणांनी आणि घातक वाराची शक्यता थेट कमी करणाऱ्या खास कौशल्याने करावी लागली. चोराला काही सेकंदांपुरती चुकवण्याची जबर शक्ती होती आणि ती संपली की तो पुन्हा मऊ. मांत्रिक स्वतःला बर्फाच्या ठोकळ्यात गोठवून घेई. दहा सेकंद त्याला काही होत नसे आणि त्यालाही काही करता येत नसे. पाठीमागून आलेल्या वारापुढे मात्र अडवणे, परतवणे किंवा चुकवणे यांवर विसंबलेला कोणताही बचाव टिकत नसे, कारण खेळाडूला हे तिन्ही उपाय समोरच्या वारापुरतेच दिलेले होते. शेवटी २०१० मध्ये, चौथ्या मोठ्या आवृत्तीच्या वेळी, बचावाचे कौशल्य खेळातून काढून टाकले गेले आणि घातक वारांपासूनचे संरक्षण टँक पेशांना जन्मजात देण्यात आले. निर्णय योग्यच होता.

टँकचे पहिले काम मात्र यांपैकी कशातच येत नाही. शत्रू कोणावर चालून जाणार हे ठरवणे, म्हणजे वाराच्या वाटेवरचा अगदी पहिला प्रश्न, हेच त्याचे मुख्य कौशल्य. प्रत्येक शत्रूच्या मनात कोणाविषयी किती राग आहे याचा एक छुपा तक्ता सर्व्हर ठेवतो, हानी करणाऱ्याचा आणि जखमा भरणाऱ्याचाही आकडा त्यात चढत जातो, आणि टँक डिवचण्याच्या कौशल्याने स्वतःचा आकडा वर ठेवतो; खेळाडू याला अ‍ॅग्रो धरणे म्हणतात. मागे उभा असलेला वैद्य, ज्याला हीलर म्हणतात, वाराच्या वाटेवरचा शेवटचा प्रश्न सांभाळतो. शिवकाळातील गडाच्या कारभारातही हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा अधिकाऱ्यांमध्ये जबाबदारी अशीच वाटलेली असे; हवालदाराकडे दरवाजा आणि किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी-हिशेब, तर कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळ्याचा साठा. वेढ्यात गड किती दिवस टिकणार हे बहुतेक वेळा तटापेक्षा या साठ्यावर ठरे, आणि मोठ्या शत्रूपुढे टोळी किती मिनिटे टिकणार हेही टँकच्या चिलखताइतकेच हीलरच्या उरलेल्या शक्तीवर ठरते.

पेशांच्या भिंती पाडून पाहण्याचा एक प्रयोगही झाला. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटच्या जून २००३ मधील स्टार वॉर्स गॅलक्सीज या खेळात खेळाडूला २५० गुण मिळत आणि ते वेगवेगळ्या पेशांत वाटून टाकता येत. हातातल्या शस्त्रावर बचावाची जात ठरे: पिस्तूल किंवा एकहाती तलवार असेल तर वार चुकवणे, रायफल किंवा भाला असेल तर अडवणे, कार्बाइन किंवा दुहाती शस्त्र असेल तर प्रतिवार. कल्पना सुरेख होती. पण जवळच्या आणि दूरच्या माऱ्यापासूनचे सर्वसाधारण बचावगुण मात्र शिकलेल्या सर्व पेशांचे मिळून बेरजेत धरले जात, आणि खेळाडूंच्या हे लक्षात येताच ज्या शस्त्राला कधी हातही लावायचा नाही असे पेशे केवळ त्यांच्या बचावगुणांसाठी शिकण्याची चाल पडली. विविधतेसाठी दिलेल्या मोकळिकीतून सगळी पात्रे एकाच साच्याची निघू लागली. नोव्हेंबर २००५ मध्ये ही सगळी व्यवस्था मोडून नऊ ठरीव पेशे आणले गेले. जुने खेळाडू त्यावर इतके संतापले की खेळ पुढे सहा वर्षे चालला तरी तो वाद शमला नाही. डिसेंबर २०११ मध्ये खेळ बंद झाला.

अलीकडच्या खेळांत कल उलट्या बाजूला आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स २ या खेळाने टँकला आणि शक्यतेच्या दानाला जवळजवळ रजा देऊन चुकवणे खेळाडूच्या बोटांवर सोपवले. प्रत्येक पात्राजवळ १०० दमगुण असतात, बाजूला झेप घेतली की त्यातले ५० खर्च होतात आणि ते साधारण दहा सेकंदांत भरून येतात. झेपेच्या पाऊण सेकंदात आलेला कोणताही वार अंगाला लागत नाही. पेशांमधला फरक मग चिलखत आणि जीवनगुण यांच्या वाटणीत ठेवला आहे, आणि ती वाटणी मुद्दाम तिरकी आहे: गार्डियनला जड चिलखत पण मूळचे जीवनगुण सर्वांत कमी, तर नेक्रोमन्सरला हलके चिलखत पण जीवनगुण सर्वांत जास्त, शिवाय मेलेल्यांकडून गोळा केलेल्या प्राणशक्तीचा दुसरा साठा. म्हणून गार्डियन ढालीसारखी कवचे वेळेवर उभारत राहतो. नेक्रोमन्सर मार खातो आणि दुसऱ्या साठ्यात शिरतो.

या रीतीत एक नवा अडथळा येतो, तो खेळाच्या नियमांत कुठेच लिहिलेला नसतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुळशीतल्या पौड गावात बसून खेळणाऱ्याचा संकेत साडेसहा हजार किलोमीटरवरच्या जर्मनीतील सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला अगदी सरळ तार असती तरी ६५ मिलिसेकंद लागतील, आणि प्रत्यक्षातल्या समुद्राखालच्या तारा सरळ नसतात, त्यामुळे त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ जातो. पडद्यावर उगारलेली कुऱ्हाड सर्व्हरवर तेवढी आधीच खाली आलेली असते, आणि पाऊण सेकंदाच्या झेपेतून तो उशीर वजा होतो. जुन्या कोष्टकांचा सगळा निवाडा सर्व्हरवरच होत असल्यामुळे खेळाडू किती दूर आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते, आणि दूरवरच्या सर्व्हरवर खेळणारे अनुभवी लोक झेपेवर जगणाऱ्या चपळ पेशांपेक्षा चिलखत, जीवनगुण आणि पाळीव सेवक यांवर टिकणारे पेशे निवडताना दिसतात ते याच हिशेबाने.